मालनच्या बाजूचा तोल

"मामा, इंजिन ठणठणीत आहे. गाडी अजून मामींना धरून चालतेय," गॅरेजवाला अस्लम म्हणाला.

हणमंतरावांची मोटरसायकल दोन लाख किलोमीटर पळाली होती. या गाड्या चालता चालता आपल्या माणसांचा तोल शिकत. त्यांची बायको मालन डावीकडे पाय सोडून बसायची, म्हणून तोल सांभाळायला गाडी उजवीकडे कलायची. मालन जाऊन वर्ष झालं, तरी गाडी तशीच कलत होती. काल समोरून येणाऱ्या ट्रकखाली जाता जाता वाचली.

"शिकलेलं सगळं पुसावं लागेल. नाहीतर मामी तुम्हाला घेऊन जातील."

"तिला कधी घाई नव्हती," हणमंतराव म्हणाले. मग किल्ली त्याच्या हातात देत म्हणाले, "पूस."

गाडी सरळ निघाली. अस्लमनं मागून हाक मारली, "मामा, नीट बसा की. तुम्हीच उजवीकडं कलताय."