हाल्वारची खुर्ची

“हा माणूस बहुतेक आता नाही,” असं म्हणत सिनोवेने लॅपटॉप एस्पेनकडे वळवला.

बर्गनची ब्लॉग परिषद शनिवारी होती. लेख कुणीही आधी पाठवावा, असं आवाहन या दोघांनीच केलं होतं. हाल्वार नावाच्या अनोळखी माणसाने आपल्या दुखण्याच्या नोंदी पाठवल्या. तारखा नव्हत्या, पण ब्लॉगवाल्यांना तारखा कशाला लागतात? नवी नोंद वर, जुनी खाली. सिनोवे तळापासून वाचत वर गेली होती.

तळाशी हाल्वार होडी वल्हवत बेटावर निघाला होता. वाटेत शेजारणीला काहीतरी बोलला आणि ती हसून पाण्यात पडली. त्या नोंदीच्या वरच्या नोंदीत काठी आली. मग बायकोने चमच्याने भरवलेलं सूप. सगळ्यात वर एकच ओळ: ‘आज डाव्या हाताचं एक बोट हललं.’

“मेल कर की,” एस्पेन म्हणाला.

“केली. उत्तर नाही.”

“डोंगरावरच्या घरी गेला असेल. तिथे कुठलं आलंय नेट!”

“एक बोट हलवणारा माणूस डोंगर चढतोय होय?”

“मग फोन कर.”

“आणि बायकोने उचलला तर काय विचारू? आहेत का गेले?”

“बघ हं, जिवंत माणसाच्या नावाने मेणबत्ती लावशील.”

सिनोवेने ऐकलं नाही. तिला वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त कुतूहल छळत होतं. शेजारणीला तो असं काय बोलला? ते त्याने लिहिलंच नव्हतं, आणि आता विचारायचं कुणाला?

शनिवारी मंचावर एक खुर्ची रिकामी ठेवली. शेजारी मेणबत्ती लावली. सिनोवेने होडीपासून वाचायला सुरुवात केली आणि त्या एका बोटापाशी थांबली. सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज येत होते. एस्पेनचेही डोळे भरले होते.

शेवटच्या रांगेत रेनकोटातला एक लालबुंद म्हातारा उभा राहिला. त्याच्या एका हातात दालचिनीचा बन होता.

“उशीर झाला, माफ करा. होडी धक्क्याला बांधत होतो,” तो म्हणाला. “वाचलंत फार छान, बाई. पण मला ब्लॉग लिहिता येत नाही हो, तेच शिकायला आलोय. मी आपलं वरून खाली लिहिलंय.”