काकूंचा शब्द

“भाजी...” थेरपिस्ट म्हणाली आणि थांबली.

“पाला!” कोशकाका म्हणाले.

“काका, मी काकूंना विचारतेय.”

“हो हो, विचारा की! मी आपलं जरा सोपं करून दिलं.”

काकू टेबलापाशी हात जुळवून बसल्या होत्या. मेंदूला झटका आला, त्यातून हातपाय सावरले, वाचा तेवढी गेली. आवाज फुटायचा, शब्द यायचा नाही. थेरपिस्ट त्यांच्या लेकीच्या वयाची. तिने आधीच समजावलं होतं, की जिभेवर बसलेल्या जोडशब्दांपासून सुरुवात करू. अर्धा शब्द मी टाकते, उरलेला आपोआप बाहेर येतो, आपण फक्त वाट बघायची. यातलं शेवटचं काकांच्या कानांत शिरलंच नव्हतं. जोडशब्द म्हटल्यावर ते खुर्चीत पुढे सरसावूनच बसले.

बसणारच! गल्लीत त्यांना कोशकाका म्हणत, ते काय उगाच? कुठलाही समारंभ असो, माइक काकांच्या हातात. शब्दांची कोडी काकांनी घालायची आणि समोरच्याला जरा वेळ लागला, की उत्तरही काकांनीच द्यायचं.

“कपडा...”

काकूंचे ओठ हलले. “ल...”

“लत्ता,” काका म्हणाले. हळूच म्हणाले, पण म्हणालेच.

काकूंनी ओठ मिटले आणि नवऱ्याकडे बघून मान डोलावली. बरोबर आलं, अशा अर्थाने.

“बरं, आता सारख्या अर्थाचा शब्द. काकू, पाण्याला आणखी काय म्हणतात?”

“जल, नीर, उदक, तोय...” काका बोटांवर मोजू लागले. “आणखी एक आहे बघा, अगदी ओठांवर आहे—”

“काका, तुम्ही जरा बाहेर बसता का?”

“मी? अहो, मी नसलो तर हिला काय हवं-नको ते तुम्हाला सांगणार कोण? हिच्या मनातलं मला न सांगता कळतं. एवढा संसार केलाय!”

“म्हणूनच म्हणतेय,” थेरपिस्ट म्हणाली, आणि दार उघडून उभी राहिली.

काका बाहेर बाकावर येऊन बसले ते फणफणतच. कालची पोर, आणि मला शब्दांच्या खेळातून बाद करते! दार मात्र नीट लागलं नव्हतं. आतलं सगळं ऐकू येत होतं.

“शेजार...”

पाजार, काका मनात म्हणाले. आत कोणीच काही म्हणालं नाही. बराच वेळ म्हणालं नाही. अगं, पाजार म्हण! एवढं साधं! काका बाकावरून अर्धे उठलेसुद्धा.

“पा... पाजार.”

काका तसेच अर्धवट उभे राहिले. झटका आल्यापासून तिच्या तोंडून अख्खा शब्द त्यांनी ऐकला नव्हता.

“रुसवा...”

“फुगवा.” आणि चक्क हसल्याचा आवाज.

“वा, काकू! येतंय की सगळं. मग घरी का नाही बोलत?”

मग एकेक शब्द, चाचपडत:

“घरी... हे... असतात.”

त्यात तक्रार नव्हती. डबा कुठल्या फळीवर ठेवलाय ते सांगावं, तसं सांगितलं होतं.

काका मटकन खाली बसले. कानशिलं तापली. कोणी ऐकलं नाही ना, म्हणून त्यांनी आधी इकडेतिकडे बघून घेतलं, आणि त्याचीही लाज वाटली. तिचा फोन आला की हातातून घेणारे ते. डॉक्टरांपुढे तिचं दुखणं सांगणारे ते. झटका आला त्या दिवशीही सकाळी ती काहीतरी सांगायला आली आणि अडखळली, तेव्हा वाक्य त्यांनीच पुरं केलं होतं. ‘डोकं दुखतंय ना? पड जरा.’ ती बघत राहिली, आणि जाऊन पडली. दुपारपर्यंत त्यांनी आत डोकावलंही नव्हतं.

घरी निघण्याआधी दोघं हॉस्पिटलच्या खालच्या कँटीनमध्ये टेकली. वेटर आला.

“काय आणू?”

‘दोन चहा’ अगदी दातांपर्यंत आलं होतं. काकांनी ओठ घट्ट मिटले. वेटर त्यांच्याकडे बघतोय, काकूही त्यांच्याकडेच बघताहेत.

“यांना विचारा,” काका म्हणाले.

वेटरने फडका या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकला. मागच्या टेबलावरून कोणीतरी त्याला हाक मारली. काका मिठाच्या बाटलीवर नजर लावून बसले. जन्मात कधी एवढे गप्प बसले नव्हते.

“कॉ...” काकू म्हणाल्या. “कॉफी.”

कॉफी! लग्न झाल्यापासून, जिथे जातील तिथे, काका दोघांसाठी चहा मागवत आले होते. तिने एकदाही कप बाजूला सारला नव्हता.

“आणि साहेबांना?”

काकांनी तोंड उघडलं. पण एक शब्द बाहेर पडेना. वेटर खोळंबून उभा.

काकूंनी घाई केली नाही. नवऱ्याला बोलायला हवा तेवढा वेळ दिला. तरीही ते बोलेनात, तेव्हा कुठे म्हणाल्या,

“यांना... चहा.”