दारातलं सफरचंद

आयर्लंडमधल्या आमच्या कुळात कुणी दगावलं की सगळ्यांच्या शेतांची पुन्हा वाटणी व्हायची, म्हणून झाड लावायच्या भानगडीत कुणी पडत नसे. आमच्या कुळप्रमुखानं, तर्लोनं, डब्लिनला जाऊन सगळी जमीन इंग्लंडच्या राजाला वाहिली, तीच स्वतःच्या नावावर परत घेतली आणि सरदारकीची इंग्रजी टोपी चढवून तो गावी आला. घोड्यावर सफरचंदाच्या रोपांची जुडी होती. “आला राजाचा कुत्रा!” माझे सासरे थुंकले. “आता हाकल आम्हाला!” तर्लो खाली उतरला. “काका, कसताय ते शेत कायमचं तुमचं. पुन्हा वाटणी नाही.” त्यानं एक रोप पुढे केलं. “फळ कधी?” सासरे खेकसले. “सहा-सात वर्षांनी.” “म्हणजे मी मेल्यावर!” “तुम्ही मेल्यावरही झाड तुमच्याच दारात राहील, काका.” सासरे माझ्या आठ महिन्यांच्या पोटाकडे बघत म्हणाले, “सूनबाई, कुदळ कुठंय?”