सगळ्यांचा खड्डा

तेबानोने आठ वस्तू सांगितल्या आणि तो खाली बसला. नववी त्याने सांगितली नाही.

सभाघरात गावातली सहाही घराणी जमली होती. मोठ्या भरतीत समुद्र गावात शिरला होता आणि प्रत्येकाच्या बाबाईच्या खड्ड्यात खारं पाणी साचलं होतं. बाबाई म्हणजे अळूचीच जात, पण माणसाहून उंच. तिचा कंद नसेल तर बेटावर पोटाला उरतो फक्त बोटीतून येणारा तांदूळ, आणि बोटीचा काही नेम नसतो. म्हणून गावचे वडीलधारे बेनियामिना यांनी ठरवलं, की उंचवट्यावर सगळ्यांचा मिळून एकच खड्डा खणायचा. त्यात खत घालायचं तेही सगळ्यांचं. त्यासाठी प्रत्येक घराण्याने आपल्या खताचं गुपित भर सभेत सांगायचं होतं. एरवी ते गुपित कुणी सख्ख्या जावयालाही सांगत नसे.

"झालं का रे?" बेनियामिनांनी विचारलं.

"झालं. नीरफणसाची पानं, भेंडीची पानं, काळी माती, सगळं सांगितलं. देवाशपथ."

"एवढ्यावर तुझे कंद एवढाले होतात?" शेजारचा योतेबा म्हणाला.

"हाताला गुण लागतो," तेबानो म्हणाला.

नववी वस्तू होती गंजकं लोखंड. पानं पिवळी पडली की ते मुळाशी पुरायचं. आजोबांनी मरताना हे एकट्या तेबानोच्या कानात सांगितलं होतं.

खड्डा खणला, रोपं लागली, खत पडलं. चार महिन्यांनी पानं पिवळी पडली. तेबानो मनातून खूश झाला. आता येतील माझ्या दारी, असं त्याला वाटलं.

कुणी आलं नाही.

तो रोज काहीतरी निमित्त काढून उंचवट्यावरून जायचा. पानं आणखी फिकट व्हायची, कडेने जळायची. आजारी बाबाई त्याला बघवत नसे. रात्रीचं जेवण त्याला जाईना. शेवटी एका दुपारी सगळं गाव उन्हाने आडवं झालं असताना त्याने घराखालून मोडकी कुदळ ओढून काढली.

"कुठे निघालात?" त्याची बायको रोटिया उठून बसली.

"मासे बघायला."

"कुदळ घेऊन?"

तो कुदळ चटईत गुंडाळून बाहेर पडला.

दीड महिन्यात खड्डा हिरवागार झाला. रविवारी प्रार्थनेत पाद्रीबाबांनी गावाचं तोंडभर कौतुक केलं. ते दुसऱ्या बेटावरचे होते, नवीनच आलेले. "एकमेकांपासून काही लपवलं नाहीत, त्याचंच हे फळ," ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेबानोनेही डोलावली, पण आतून तो धुमसत होता. खड्डा जगवला त्याने आणि नाव सगळ्या गावाचं! कंद काढायच्या दिवशी उभं राहून सगळं सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं.

तो दिवस तीन वर्षांनी आला. योतेबा मांडीभर चिखलात उतरला. पहिला कंद बाहेर काढायला चार माणसं लागली. असा कंद गावात कुणी पाहिला नव्हता. बायकांनी गाणं धरलं. मुळांच्या जाळीत तेबानोची कुदळ अडकलेली होती, गंजून अर्धी झालेली. त्याने घसा खाकरला.

तेवढ्यात योतेबाच्या हाताला सायकलची साखळी लागली. ती त्याने झटकन चिखलात परत दाबली. पण दुसऱ्या कंदाबरोबर दोरीत ओवलेले मटणाचे रिकामे पत्र्याचे डबे वर आले. मग दाराच्या बिजागऱ्या. मग होडीच्या नांगराचा तुकडा.

गाणं थांबलं. तेबानोने तर फक्त कुदळ पुरली होती.

"अरे देवा!" पाद्रीबाबा काठावरून म्हणाले. "सगळ्यांच्या खड्ड्यात हा कचरा कुणी टाकला?"

कुणी कुणाकडे पाहिलं नाही. योतेबा पायाखालच्या चिखलाकडे बघत राहिला.

बेनियामिना गुडघ्यांवर हात टेकत टेकत खाली उतरले. त्यांनी चिखलातून बिनदांड्याचा एक तवा उचलला आणि लुंगीला पुसला.

"हा माझा," ते म्हणाले. "आता आपापलं उचला."