टर्बोला काय लागतं

लालासाहेबांनी फौजी मुलाची टर्बो गाडी पहिल्यांदाच बाहेर काढली होती. शेजारी त्याचे होणारे सासरे, सर्जेराव. लग्नाच्या हॉलपासून जेवणापर्यंत मुलाकडच्यांचं सगळं मान्य केलेल्या सर्जेरावांनी पेट्रोलबाबत मात्र माघार घेतली नाही.

"टर्बोला पंच्याण्णव ऑक्टेनचं पेट्रोल लागतंय," लालासाहेब म्हणाले.

"आवं, शंभर! कमी घातलं तर इंजिन खडखडतंय."

म्हसवडपासून मिरजेच्या पंपापर्यंत दोघंही आपल्या आकड्यावरून हलले नाहीत.

पंपावरच्या बाईंनी टाकीचं झाकण उघडलं.

"काका, गाडी डिझेलची हाय. डिझेलला ऑक्टेन बघत न्हाईत."

दोघांनी वाकून झाकणावरचं 'डिझेल' वाचलं. मग साखरपुड्यापासून पहिल्यांदाच सर्जेरावांचा आवाज चढला.

"म्हंजे तुमचं पंच्याण्णव चुकलंच की!"