टेपच्या वरचं पाणी

"वायसर गेलाय त्याचा. दोन मिनिटांचं काम, पण कुणी हात लावेल तर शपथ!"

कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ ठिबकत होता आणि प्लंबर खाटेवरून त्याच्यावर डाफरत होता. उशा रचून त्याला अर्धवट बसवलेलं. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा. जन्मभर लोकांच्या घरात पाणी खेळवलेल्या या माणसाला हृदयरोगाच्या वॉर्डात पाणी मोजून मिळत होतं. हृदय थकलं होतं. प्यायलेलं पाणी पायात उतरायचं आणि मग छातीत चढायचं.

त्याची बायको येऊन स्टुलावर टेकली. ती आत्ताच बाहेर व्हरांड्यात डॉक्टरांशी बोलून आली होती. मागोमाग लेक आली ती सरळ खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"काय म्हणाले गं?" त्याने विचारलं.

"काय म्हणायचंय? बरं चाललंय म्हणाले."

डॉक्टर म्हणाले होते, औषधं आता लागू पडत नाहीत. घरी न्यायचं असेल तर न्या. आणि पाण्याचं बंधन काढलंय, मागतील तेवढं द्या.

"अहो, पण सूज येईल ना?" बायकोने एवढंच विचारलं होतं. तो पोरसवदा डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत राहिला होता.

उशाशी पाण्याची बाटली होती. तिच्या पोटाला पांढरी टेप गुंडाळलेली, नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती. भरती झाल्या दिवशी त्यानेच कामाची पिशवी मागवून मोठ्या हौसेने लावली होती. रोज टेपपर्यंत पाणी भरायचं आणि दिवसभर तेवढ्यात भागवायचं. खूण त्याची, पण पहारा बायकोचा. धनावर नाग बसावा तशी ती त्या बाटलीवर बसून असायची. सकाळी उठून त्याच्या पायावर अंगठा दाबायची आणि पडलेला खड्डा भरून यायला किती वेळ लागतो ते बघायची. खड्डा लवकर भरला की तिचा दिवस चांगला जायचा.

आज बाटली रिकामी होती.

"घोटभर दे गं. जिभेचं पायपुसणं झालंय."

लेक पुढे आली आणि जगमधलं पाणी पेल्यात ओतायला लागली. आईने पेला काढून घेतला.

"आजचं झालंय त्यांचं."

"आई, डॉक्टर म्हणाले ना..."

"डॉक्टर काय, बोलून मोकळे. पाय मला दाबून बघावे लागतात."

लेक पुन्हा खिडकीकडे वळली. प्लंबर दोघींकडे आळीपाळीने बघत होता.

"अगं, एक घोट. एवढ्याने काय पूर येणार आहे?"

"मरायचंय का तुम्हा..."

आणि ती थांबली.

हे तिचं ठरलेलं वाक्य. तो डुगडुगत्या शिडीवर चढला की, जिन्यात धापा टाकत सिगारेट पेटवली की, आणि इथे आल्यापासून टेपच्या वरचं पाणी मागितलं की. सगळ्या संसारात तिने ते त्याच्या अंगावर फेकलं होतं आणि दर वेळी त्याने उलट टोला दिला होता, "तेवढीच तुझ्या तावडीतून सुटका." आज ते अर्ध्यावर टाकून ती चादरीवरची नसलेली सुरकुती काढत बसली.

नळ ठिबकत होता.

"का गं?" तो म्हणाला. "आज अर्धाच डोस?"

"गप्प बसा. बोलून दम लागतो."

लागलाच होता. छातीचा भाता जरा शांत होईपर्यंत तो थांबला. मग हळूच म्हणाला, "गिऱ्हाइकाकडे मीपण असंच करायचो. पाइप आतून कुजलेला दिसला तरी तोंडावर सांगवायचं नाही. म्हणायचो, चालतोय तोवर चालू द्या."

खिडकीपाशी लेकीने ओढणी तोंडात धरली.

बायकोने त्याच्या पायावरची चादर सारली. अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा पडला. ती वाट बघत राहिली. तोही मान पुढे काढून बघत राहिला, दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तसा. खड्डा भरेना.

तिने बाटली मांडीवर घेतली. नखाने टेपचं टोक शोधून ओढलं. टेप सुटत गेली, सुटतच गेली. मेल्याने गुंडाळली तरी किती होती! मांडीवर पांढरा गुंता साठला. मग तिने जग उचलून बाटली तोंडापर्यंत भरली, त्याच्या मानेखाली हात घातला आणि बाटली त्याच्या ओठांशी नेली.

त्याने तोंड उघडलं नाही.

"आधी वाक्य पुरं कर," तो म्हणाला.

शिडीवरून त्याला खाली उतरवायची त्याच खणखणीत आवाजात ती म्हणाली, "प्या पोटभर. मरताय तुम्ही."