तिची ओळ

सिनेमाभर वृंदा टीव्हीच्या तळाशी येणारी इंग्रजी वाक्यं वाचत होती. तमिळचा तिला गंध नव्हता आणि तिच्या नवऱ्याला, हेमंतलाही नव्हता. नोकरीपायी कोइम्बतूरला तीन वर्षं एकटा राहून आलो, पण इडली-सांबारापलीकडे एक अक्षर शिकलो नाही, असं तो चारचौघांत हसत सांगायचा. हा प्रेमपटही "नुसत्या गाण्यांसाठी बघू" म्हणून त्यानेच लावला होता.

गाणं सुरू झालं आणि खालची वाक्यं गायब झाली. गाण्याचा अर्थ द्यायची तसदी कुणी घेतलीच नव्हती. पण चाल अशी होती, की वृंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. आपलं हे वेड त्याला दाखवावं म्हणून ती हसत वळली.

हेमंतचे ओठ हलत होते. नायकाचा शब्द न् शब्द तो आवाज न काढता म्हणत होता, कुठेही न अडखळता. नायिकेची ओळ आली की मात्र थांबायचा, मान किंचित कलती करून. लग्नानंतर स्वयंपाकघरात दोघं मिळून गाणी म्हणत, तेव्हाही तो अस्साच थांबायचा. तिची ओळ तिला म्हणू द्यायला.

गाणं संपलं. डोळे पुसत तो म्हणाला, "काय चाल आहे! शब्द कळत नाहीत, तरी आत कुठेतरी लागतं बघ."

वृंदाने रिमोट घेऊन टीव्ही बंद केला.

"तू थांबत होतास," तिने विचारलं, "तेव्हा कोण गात होतं?"